नोटांच्या गोण्यांनी हिटलर आणला नाही

गेली काही वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. थोडक्यात असा: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लोकशाही लादली गेली. ती इतकी नालायक निघाली की पाव आणायला लोक गोणीभर नोटा नेऊ लागले. नेभळट पुढारी परक्यांपुढे नाक घासत राहिले. शेवटी वैतागलेल्या जनतेने हिटलरला बहुमताने निवडून दिलं आणि त्याने व्हर्सायच्या तहाचं जोखड फेकलं. तात्पर्य, गोंधळी लोकशाहीपेक्षा खंबीर माणूस बरा.

हे वाचून चीड येते, कारण यातलं जे थोडंफार खरं आहे ते भलत्याच सालात नेऊन बसवलं आहे.

‘नोटांच्या गोण्यांमुळे हिटलर आला’

गोण्या खऱ्याच होत्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत. कारखान्यात पगार रोजच्या रोज व्हायचा, कधी दिवसातून दोनदा, आणि पैसे हातात पडताच लोक दुकानाकडे पळत, कारण सकाळी जेवढा पाव यायचा तेवढा संध्याकाळी येत नसे. पण या महागाईचं बी लोकशाहीने पेरलेलं नव्हतं. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सरकारने युद्ध मुख्यतः कर्ज काढून लढवलं, जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू या भरवशावर. मग जानेवारी १९२३ मध्ये, व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर बसवलेली युद्धभरपाई थकल्याचं कारण काढून, फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या कोळसा-पट्ट्यात घुसल्या. कामगारांनी काम बंद केलं आणि त्यांना पोसायला बर्लिनने नोटा छापायचा सपाटा लावला.

हे थांबवलं कोणी? त्याच प्रजासत्ताकाने. गुस्टाव स्ट्रेसमान ऑगस्ट १९२३ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला आणि जेमतेम शंभर दिवस टिकला. तेवढ्यात त्याने रूरमधला असहकार मागे घेतला. हा निर्णय लोकांना अजिबात रुचणारा नव्हता, तरी घेतला. १५ नोव्हेंबरला नवं चलन आलं, रेन्टेनमार्क. जुन्या नोटांवरची बारा शून्यं उडाली आणि भाव थांबले. त्याच्या आठवडाभर आधी, महागाई अगदी शिगेला असताना, हिटलरने म्युनिकमध्ये बंड करून पाहिलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी मोडलं आणि तो तुरुंगात गेला.

पुढचे आकडे या मजकुरात कधीच नसतात. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं पडली, ४९१ पैकी १२ जागा. मध्यमवर्गाची आयुष्यभराची पुंजी १९२३ ने खाल्ली आणि तो घाव भरला नाही, हे मान्य. पण गोण्यांनी हिटलर आला म्हणायचं, तर पाच वर्षांनी तो तळाला कसा? तो वर चढला १९३० ते १९३२ मध्ये, आणि तेव्हा महागाई नव्हती. तेव्हा भाव आणि पगार दोन्ही कोसळत होते आणि १९३२ च्या सुरुवातीला ६० लाख माणसं बेकार होती.

‘पुढारी परक्यांपुढे नाक घासत होते’

चॅन्सेलरपद गेल्यावरही स्ट्रेसमान मरेपर्यंत परराष्ट्रमंत्री राहिला. त्या सहा वर्षांचा हिशेब मांडू. १९२४ च्या डॉज योजनेने भरपाईचे हप्ते झेपतील असे बांधून दिले आणि सोबत ८० कोटी सुवर्णमार्कांचं कर्ज आलं. १९२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोला जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमने एकमेकांच्या सीमा मान्य केल्या. ब्रिटन आणि इटली जामीन राहिले. फ्रान्सला पुन्हा रूरमध्ये घुसता येऊ नये, ही तजवीज त्यात होती. सप्टेंबर १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात गेला, तोही परिषदेवर कायम जागा घेऊन. त्याच वर्षी स्ट्रेसमान आणि फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री ब्रियां यांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. ऱ्हाइनलँड या जर्मनीच्या पश्चिम पट्ट्यातलं परकं सैन्य १९३५ पर्यंत राहायचं होतं, ते ३० जून १९३० लाच परत गेलं.

स्ट्रेसमानला संत करायचं कारण नाही. महायुद्धात तो मुलूख बळकावण्याची भाषा करणाऱ्यांतलाच होता. पोलंडची सीमा त्याने शेवटपर्यंत मान्य केली नाही, आणि जर्मन सैन्य सोव्हिएत भूमीवर गुपचूप तयारी करत होतं. पण तो मनाने राजेशाहीवादी होता आणि तरी प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला, म्हणून तर त्याचं मोल जास्त. त्याला नाक घासणारा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की युद्धभरपाई जवळपास संपली ती जुलै १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत. तेव्हा हिटलर सत्तेत नव्हता.

‘लोकशाही लादलेली होती, सरकारं टिकतच नव्हती’

लादली कोणी? नोव्हेंबर १९१८ ची क्रांती कीलच्या खलाशांनी आणि कामगारांनी केली. जानेवारी १९१९ मध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं आणि प्रजासत्ताक मानणाऱ्या तीन पक्षांना मिळून तीनचतुर्थांश मतं पडली. मंत्रिमंडळं भराभर बदलली हे खरं, पण माणसं तीच राहायची. देशाची बहुतांश लोकसंख्या ज्या प्रशिया प्रांतात होती, तिथे ओटो ब्राउन हा समाजवादी १९२० पासून जवळजवळ सलग १९३२ पर्यंत मुख्यमंत्री होता. १९२७ मध्ये बेकारी विमा आला. इरावती कर्वे १९२८ मध्ये मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या, त्या या जर्मनीत.

ही उभारी नाजूक होती. ती अमेरिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जावर उभी होती, आणि ते पैसे परत मागितले तर धडगत नाही असं स्ट्रेसमानने स्वतःच १९२८ मध्ये बजावलं होतं. तो ३ ऑक्टोबर १९२९ ला गेला. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळला.

‘जनतेने बहुमताने निवडून दिलं’

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे वाक्य. मार्च १९३० मध्ये पाच पक्षांचं आघाडी सरकार पडलं, ते बेकारी विम्याचा हप्ता साडेतीन टक्क्यांवरून किती वाढवायचा या वादात. आपल्या पक्षातल्या उद्योगपतींच्या गटाला आघाडीत धरून ठेवणारा स्ट्रेसमान आता नव्हता. समाजवाद्यांनीही ताणून धरलं. माझ्या मते ती त्यांची घोडचूक होती. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गच्या भोवतालच्या मंडळींना असंही समाजवाद्यांविना सरकार हवंच होतं. नव्या ब्रूनिंग सरकारचा वटहुकूम संसदेने फेटाळला तेव्हा संसदच बरखास्त केली गेली. मग १४ सप्टेंबर १९३० ला मतदान झालं आणि नाझी १२ वरून १०७ जागांवर गेले. तिथून पुढे राज्य चाललं ते राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षाने काढलेल्या वटहुकमांवर. जुलै १९३२ मध्ये तर चॅन्सेलर पापेनने ओटो ब्राउनचं प्रशिया सरकारही वटहुकमानेच बाजूला सारलं.

खुल्या निवडणुकीत नाझींनी गाठलेली सर्वांत मोठी मजल म्हणजे जुलै १९३२ मधले ३७ टक्के. नोव्हेंबरमध्ये २० लाख मतं घटून ते ३३ वर आले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतही हिटलर हरला होता. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर नेमलं हिंडेनबर्गने, पापेनच्या भरीला पडून. मंत्रिमंडळात नाझी तिघेच, बाकीचे त्याला मुठीत ठेवतील या हिशेबाने. मग संसदभवनाला आग लागली, मूलभूत हक्क स्थगित झाले, विरोधकांची धरपकड झाली. अशा दहशतीत मार्चची निवडणूक घेऊनही नाझी ४३.९ टक्क्यांवर अडले.

२३ मार्चला क्रोल ऑपेरा हाऊसमध्ये सर्वाधिकाराचा कायदा, म्हणजे संसदेला वगळून कायदे करायची सरकारला मुभा, मांडला गेला तेव्हा कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते आणि सभागृहात गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे होते. कॅथलिक सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर विसंबून होकार भरला, उरलेसुरले उदारमतवादीही मागोमाग गेले. कायद्याच्या बाजूने ४४४ मतं पडली. विरोधात ९४, सगळी समाजवाद्यांची: हजर असलेल्या त्यांच्या एकाही सदस्याने बाजू बदलली नाही.