चंद्र दुसऱ्या पानावर

२५ जून २०२४. मंगळवार, ज्येष्ठ वद्य चतुर्थी, म्हणजे अंगारकी. रात्रीचे दहा वाजत आलेले. आईचा फोन आला. ती ‘हॅलो’सुद्धा म्हणाली नाही.

"चंद्र कुठे ठेवलायस?"

सांडशी कुठे ठेवलीस, चाळणी कुठे ठेवलीस, त्याच सुरात. आणि खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता. चंद्र मीच हलवला होता. त्याच दुपारी.

मी एका मराठी कॅलेंडर ॲपची डिझाईन लीड आहे. तिथी, सण, मुहूर्त, लग्नाच्या तारखा, ग्रहण, सगळं असलेलं ॲप. लाखो लोकांच्या फोनवर आहे. त्याचं रूप पालटायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी घरी पेढे नेले होते. आईने पेढा तोंडात टाकत विचारलं होतं, "पण आहे त्याला काय झालंय?" तिथेच थांबायला हवं होतं.

आहे त्याला काय झालं होतं, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसत होतं. १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू झालं, तेव्हापासून मराठी घराला एक सवय लागली आहे. वार डावीकडे वरून खाली, आणि तारखाही वरून खालीच वाचायच्या. एका चौकोनात तिथी, नक्षत्र, कुणाची तरी जयंती, कुणाची तरी पुण्यतिथी, लाल, हिरवं, आणि संकष्टी असली तर एवढासा गणपती. मूळ ॲप करणाऱ्याने ती भिंत उचलून जशीच्या तशी फोनवर ठोकली होती. आमच्या टीममधल्या पंचविशीतल्या पोरांनी ते पाहिलं आणि त्यांचे चेहरे लग्नघरातली मागची खोली पाहिल्यासारखे झाले. "मॅम, किती पसारा!"

मग आम्ही आवरायला घेतलं.

आधी वार आडवे केले, कारण जगातल्या सगळ्या फोनवर ते आडवे असतात. मग रंग काढले. मग चौकोनातला मजकूर काढला. तारीख तेवढी ठेवली आणि तिच्याखाली एक नाजूक ठिपका. भोवती भरपूर मोकळी जागा. आईला पहिला नमुना दाखवला तर ती त्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, "इथे जाहिराती येणार वाटतं." मग तिने सवयीने वरून खाली वाचायला सुरुवात केली. "सोमवार तीन. त्याच्या खाली दहा? मधला आठवडा कुठे गेला?"

मी म्हटलं, सवय होईल. या धंद्यात ‘सवय होईल’ हे आमचं ‘बरं वाटेल हं’ आहे.

वरच्या कोपऱ्यात आम्ही तीन आडव्या रेघा टाकल्या. या रेघा १९८१ साली झेरॉक्स स्टार नावाच्या संगणकासाठी नॉर्म कॉक्स या डिझायनरने काढल्या, आणि त्या दाबल्या की यादी उघडते हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे, असं आम्ही धरून चाललो. आईने त्यांना हात जोडले. पंचांगाच्या ॲपवर, तारखेच्या डोक्यावर तीन आडवे पट्टे म्हणजे शंकराचं भस्म, यात तिला काडीचीही शंका नव्हती. "पण रोजच शिवरात्र कशी गं?" एवढंच विचारलं.

याला चाचणी म्हणायचं नाही, ती माझी आई आहे, असं टीमचं मत पडलं. चाचणी शास्त्रशुद्ध हवी. ॲप-वेबसाईट वापरायला सोप्या कशा कराव्यात, यातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांवर चाचणी केली तरी बहुतेक चुका सापडतात. आम्ही पाच माणसं गोळा केली. आमच्याच इमारतीतली, कँटीनमधून वर येणारी, दुपारी दोनची वेळ. काम दिलं: ‘या महिन्यातली संकष्टी शोधा.’ पाचही जणांनी ठिपका दाबला आणि काही सेकंदांत संकष्टी शोधली. टाळ्या झाल्या. पाचांपैकी एकाच्याही पोटात भूक नव्हती, ही गोष्ट अहवालात कुठल्या रकान्यात लिहायची, ते नील्सनसाहेबांनी सांगितलेलं नाही.

आता चंद्राबद्दल. जुन्या ॲपमध्ये संकष्टीच्या चौकोनातच चंद्रोदयाची वेळ असायची. आम्ही आकडे काढून पाहिले, तर त्या ओळीवर कोणी बोटच लावत नव्हतं. झालं, उपयोग नाही, दुसऱ्या पानावर टाका. जी ओळ नुसती वाचायची असते, तिच्यावर बोट कोण कशाला लावेल, हा विचार त्या खोलीतल्या आठ सुशिक्षित डोक्यांपैकी एकातही आला नाही. माझ्याही नाही. ठरावावर शेवटची सही माझीच आहे.

तर अंगारकीची रात्र.

"तारखेवर बोट लाव," मी फोनवर म्हटलं.

"लावलं. ‘शुभ दिन’ म्हणतंय."

"त्याच्या खाली ‘तपशील’ दिसतंय का? ते दाब. आता डावीकडे सरकव."

"सरकवलं. जुलै आला."

"महिना नको सरकवूस, आई. खालचं पान सरकव."

"ऑगस्ट आला." मागून बाबांचा आवाज: "तिला सांग, मोदक गार झाले. आता नारळी पौर्णिमेलाच खाऊ."

खिडकीतून बघ म्हणायचीही सोय नव्हती. जूनअखेरचं आभाळ. पावसाळ्यात संकष्टीचा चंद्र दिसायचा म्हणजे नशीब लागतं. एरवी माणूस गच्चीत जाऊन खात्री करतो, पावसाळ्यात छापलेली वेळ हाच चंद्र. त्यातून या दिवसांत तो उगवतोही उशिरा, दहा वाजून गेल्यावर. म्हणजे उभ्या महाराष्ट्रात सकाळपासून साबुदाण्यावर असलेली माणसं नेमकी त्याच वेळी माझ्या नाजूक ठिपक्याकडे बघत बसलेली.

आईचा फोन ठेवतेय तोवर नागपूरहून आत्याचा. आत्याला वेळ सापडली होती. ती हुशार आहे, तिने सगळं दाबून बघितलं होतं. फक्त ती वेळ मुंबईची होती. जुनं ॲप सुरुवातीला गावाचं नाव विचारायचं. आम्ही तो प्रश्न काढला, कारण फोनला ठावठिकाणा आपोआप कळतो. मात्र ‘तुमचं ठिकाण कळू द्यायचं का?’ असं फोन विचारतो, तेव्हा आत्या ‘नाही’ म्हणते. कुठल्याही शहाण्या बाईने म्हणावं तसं. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही मुंबईकर करून टाकलं होतं. नागपूर मुंबईच्या कितीतरी पूर्वेला, तिथे चंद्र वीसेक मिनिटं आधी उगवतो. शेजारच्या काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावच्या वेळा होत्या. त्या जेवून हात धूत होत्या, तेव्हा आत्या ताट झाकून बसली होती.

"वीस मिनिटं गं," आत्या म्हणाली. "या वयात." विदर्भावर अन्याय होतो हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं.

साडेदहाला ऑफिसचा ग्रुप पेटला. एका तारेचे रिव्ह्यू येत होते. ‘जुनं परत द्या.’ ‘उपाशी मारलंत.’ ‘गणपती बघून घेईल.’ एका निवृत्त मास्तरांनी शांतपणे लिहिलं होतं की उपासाचं राहू द्या, पण तुमचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे झालेत; मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, २००९ चा शासन निर्णय वाचावा. मी तपासलं. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं होती, पण आमच्या कोडमध्ये भाषेच्या जागी हिंदीची खूण राहिली होती. त्या रात्रीच्या सगळ्या शिव्यांत मला लागला तो हा एकच रिव्ह्यू, कारण त्यात शिवी नव्हती.

मागे फिरा म्हणावं, तर तीही सोय नाही. प्ले स्टोअरवर पाठवलेली आवृत्ती परत घेता येत नाही. जुनंच पुन्हा द्यायचं तर त्यावर नवा, मोठा नंबर घालून नवं म्हणून पाठवावं लागतं. थोड्या थोड्या लोकांना देत गेलं तर मध्येच थांबवता येतं. आम्ही उत्साहात सगळ्यांना एकदम दिलं होतं, शुभ दिवस बघून.

आमचा प्रॉडक्ट मॅनेजर धीर द्यायला लागला. म्हणाला, मोठमोठ्यांचं असंच होतं. विंडोज आठमधून स्टार्ट बटण काढलं, पुढच्या वर्षी परत आणावं लागलं. २०१८ मध्ये स्नॅपचॅटने रूप बदललं, तेव्हा बारा लाखांहून जास्त लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या.

"ते जेवून सह्या करत होते," मी म्हटलं.

पुढचे नऊ दिवस आम्ही पसारा पुन्हा मांडला. उभे वार, चौकोनात चंद्र, गणपती, गावाचं नाव. पोरं निमूट काम करत होती. सगळं तयार झालं ते गुरुवारी, ४ जुलैला रात्री. म्हणजे द्यायचं ५ जुलैला. इंजिनिअर म्हणाले, शुक्रवारी रिलीज करायचं नसतं, शनिवार-रविवार बोंबलतो. मी वैतागून आईला फोन केला. ती म्हणाली, "शुक्रवारचं सोड, अमावास्या आहे. अमावास्येला कोणी नवीन काढतं का?" पंचांग विकणाऱ्या कंपनीत हे कोणी बघितलंच नव्हतं. इंजिनिअर आणि आई या दोन्ही शास्त्रांचं एकमत झाल्यावर मी कोण? सोमवारी दिलं.

आषाढीला घरी गेले. आई स्वयंपाकघरात भगर ढवळत होती. तिच्या फोनमध्ये नवं-जुनं ॲप होतं, पण ती बघत नव्हती. शेगडीशेजारी भिंतीवर कागदी कॅलेंडर, त्याला दोऱ्याने बांधलेलं निळं पेन, आणि रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब. मी सहज जूनचं पान वर उचललं. पंचविसाव्या चौकोनात तिचं बारीक, तिरपं अक्षर:

‘दूध १ लि. गॅस आला. चंद्र उशिरा, सोनूमुळे.’