‘हौशी’ म्हणालात म्हणून उत्तर लांबलं

निनावी महोदय,

(महोदया असाल तर माफ करा. नाव लिहायची तसदी तुम्ही घेतलेली नाही, त्यामुळे अंदाजानेच हाक मारतोय.)

रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाचं फर्मवेअर (यंत्राच्या पोटातच बसवलेला प्रोग्रॅम) आणि सिस्टिम अपडेट कशी करावी यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली तुम्ही जे लिहिलंत ते इतरांच्या नजरेतून सुटलं असेल, म्हणून आख्खं इथे उतरवतो (नव्यांसाठी: बूटलोडर म्हणजे वीज दिल्यावर संगणक सुरू करून देणारा प्रोग्रॅम, इइप्रॉम म्हणजे तो ठेवायची पुन्हा लिहिता येणारी चिप, बुल्सआय आणि बुकवर्म या पायच्या सिस्टिमच्या दोन आवृत्त्या, आधीची आणि नंतरची, आणि वीट म्हणजे कायमचा मेलेला बोर्ड):

“मेहनत दिसते, पण हौशी माणसांनी फर्मवेअरचे धडे देऊ नयेत. आरपीआय-अपडेट ही कमांड रोजच्या अपडेटसाठी नाही, तुम्ही ती पहिल्याच पायरीत दिली आहे. पाय ३ मध्ये बूटलोडरची इइप्रॉम नसते. बुल्सआयवरून बुकवर्मवर जागच्या जागी जायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. बॅकअपचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. उद्या कुणाच्या बोर्डाची वीट झाली तर जबाबदार कोण?”

दोन दिवस गप्प बसलो. बायको म्हणाली, सोडून द्या. सोडणारच होतो, पण तो ‘हौशी’ शब्द सकाळच्या चहाबरोबर रोज वर येतोय.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते कबूल करतो, म्हणजे पुढे कुणी मला हट्टी म्हणायला नको. पाय ३ मध्ये बूटलोडरसाठी वेगळी इइप्रॉम नसते. तिथे बूटकोड नावाची फाइल एसडी कार्डावरच्या बूट पार्टिशनमध्येच असते आणि एपीटी या पॅकेजं बसवणाऱ्या कमांडने बाकीची पॅकेजं बदलतात तशी तीही बदलते. पाय ४ मध्ये मात्र बूटलोडर बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये बसलेला असतो. मी ओघात ‘पाय ३ आणि ४’ असं लिहून गेलो. चूक झाली, कान पकडले, दुरुस्त केलं. इतकंच लिहिलं असतंत तर आभार मानून विषय संपवला असता.

आता ‘हौशी’.

मी सांगलीचा. इथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा त्यांच्याकडे नाट्यशास्त्राची पदविका नव्हती. आजही राज्य नाट्य स्पर्धेत हौशी गट असतो आणि त्यात दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करून रात्री तालीम करणारी माणसं उतरतात. त्या गावच्या माणसाला तुम्ही हौशी हा शब्द शिवीसारखा फेकून मारता? जत्रेला हौसे, नवसे आणि गवसे असे तिघे येतात म्हणतात. मी हौसे. तुम्ही कोण ते तुम्हीच ठरवा, पण दुसऱ्याच्या लेखात चुका गवसायला आलेल्यांना काय म्हणतात ते भाषेनेच सांगून ठेवलंय.

शिवाय हा बोर्ड कुणासाठी आहे, याचा तरी विचार करायचा. २०१२ साली केंब्रिजमधून तो बाजारात आला तोच मुळी शाळकरी पोरांनी खुडबुड करावी, बिघडवावं, परत जुळवावं म्हणून. त्याच्या फर्मवेअरला हौशी माणसाने हात लावायचा नाही म्हणजे सायकल घ्यायची आणि चेन उतरली की इंजिनिअर बोलवायचा.

आणि मी नुसता हौशीही नाही, हेही एकदा सांगून टाकतो. १९९० च्या दशकात वडिलांचं मिरजेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे डाग द्यायला (सोल्डरिंगला) बसायचो. पुढे एसटीडी-पीसीओच्या बिल काढणाऱ्या यंत्रांचं काम आलं. कॉलचे दर बदलले की आमच्याकडच्या यंत्रांतली इप्रॉम बदलायला लागायची. २७सी२५६ नावाची चिप, पोटात ३२ किलोबाइट, पाठीवर काचेची खिडकी. खिडकीवरचा कागद सोलायचा, चिप अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवायची, कोरी झाली की नव्या दरांचा प्रोग्रॅम भरायचा, वर परत काळी पट्टी चिकटवायची. पट्टी विसरलात आणि यंत्र उन्हाच्या तिरिपेत राहिलं तर काही दिवसांनी गिऱ्हाइकाला बिल म्हणून वाट्टेल ते छापून मिळायचं. एका बूथवाल्याने त्यावरून वडिलांशी भांडण काढलेलं मला आजही आठवतं. हे फर्मवेअरच होतं, महोदय. ते नाव तेव्हा आमच्या दुकानात कुणी घेत नव्हतं एवढंच. तेव्हा धडे कुणी द्यावेत आणि कुणी देऊ नयेत, हे मला कीबोर्डमागे लपलेल्या माणसाकडून शिकायचं नाही. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

आता तुमच्या विटेकडे वळतो. वीट झालीच तर आमच्याकडून पंढरपूर लांब नाही, तिचा उपयोग करणारा कमरेवर हात ठेवून उभाच आहे. पण गंमत सोडा. पाय ४ ची वीट होणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. बूटलोडर ज्या चिपमध्ये असतो ती ५१२ किलोबाइटची. ती अर्धवट लिहिली गेली तरी मुख्य प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो कुणाला पुसता येत नाही. तो कार्डावर रिकव्हरीची फाइल आहे का ते बघतो. म्हणून कुठलंही जुनं कार्ड घ्यायचं, रास्पबेरी पाय इमेजरमधून त्यावर बूटलोडर दुरुस्तीची इमेज लिहायची, बोर्डात खुपसायची आणि वीज द्यायची. हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागला आणि पडदा लावलेला असेल तर तो आख्खा हिरवा झाला की काम फत्ते. आमच्या इप्रॉमला ही चैन नव्हती.

हे पुस्तकी नाही. मेव्हण्यांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याची शेड. शेडमधलं तापमान आणि दमटपणा मोजायला मी तिथे पाय ४ लावलाय, आकडे मला घरबसल्या दिसतात. मण्यांवर द्रावण मारून ते जाळ्यांवर पसरले की पंधरा-वीस दिवस सुकायला लागतात, आणि त्या दिवसांत हवेत ओल वाढली तर रंग काळपट पडतो. म्हणजे पाळतीचं काम आहे. मागच्या मार्चमध्ये एका रात्री मी मिरजेतून त्या पायवर आरपीआय-अपडेट सुरू केलं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि स्टार्टच्या फाइली कार्डावर उतरत होत्या आणि तिकडे वारं सुटून वीज गेली. सकाळी पाय उठलाच नाही. पहिली एसटी पकडून गेलो. मेव्हणे शेडच्या दारात उभे. “दाजी, तुमचं यंत्र झोपलंय. पण काळजी करू नगा, द्राक्षं जागी हायती.” त्यांनी मणी बोटांत दाबून ओल बघितली होती, त्यांच्या वडिलांनी शिकवलं तशी.

बोर्डाला काय झालं होतं? काहीही नाही. बूट पार्टिशन अर्धवट राहिलेलं, कार्ड गेलं. दुसऱ्या कार्डावर सिस्टिम नव्याने टाकली, सेन्सरचे प्रोग्रॅम आठवून आठवून परत लिहिले, दोन दिवसांचे आकडे बुडाले, एवढंच. वीट झाली नाही. हाच माझा मुद्दा आहे आणि हे लिहिताना तो मला अगदी स्पष्ट दिसतोय.

आरपीआय-अपडेटबद्दल. ती चाचणीतला, अजून सगळ्यांसाठी न सोडलेला कर्नल आणि फर्मवेअर आणते, हे मला माहीत आहे. ती स्वतःच सुरुवातीला इशारा देते आणि हो की नाही विचारते. मी पहिल्या पायरीत लिहिली, हो. पण शेजारी कंसात ‘गरज असेल तर’ असं लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं नाहीत किंवा वाचायचं नव्हतं. आणि नव्याला हात लावायचाच नाही असं सगळ्यांनी ठरवलं असतं तर? २०१९ मध्ये पाय ४ आला तेव्हा त्याला यूएसबीवरून बूट होता येत नव्हतं. २०२० मध्ये ती सोय आधी बूटलोडरच्या बीटात, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, आली. मी सेटिंगच्या फाइलीत ‘क्रिटिकल’च्या जागी ‘बीटा’ लिहून ती घेतली आणि तुमच्यासारखे जपून चालणारे कार्डं बदलत बसले होते तेव्हा माझा पाय एसएसडीवरून धावत होता. आता तुम्ही म्हणाल की ते आरपीआय-इइप्रॉम-अपडेट, आरपीआय-अपडेट नव्हे, एक चिपमध्ये लिहिते आणि दुसरी कार्डावर. नावं सारखी ठेवणाऱ्यांना विचारा. परत यायचं असेल तर एपीटीने फर्मवेअर आणि कर्नलची पॅकेजं पुन्हा बसवली की झालं, मी चारदा आलोय.

जागच्या जागी बुल्सआयवरून बुकवर्म: मी केलंय, चाललंय. बूटच्या फाइलींचा पत्ता बदलला, वायफाय सांभाळायचं काम डीएचसीपीसीडी या प्रोग्रॅमकडून नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्याकडे गेल्यामुळे दोन संध्याकाळी हरवल्या, पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने पॅकेज टाकायला साफ नकार दिला. चाललं मात्र. कोऱ्या कार्डावर नवं टाका असं रास्पबेरी पायवालेच सांगतात हे मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायची गरज नव्हती.

बॅकअप शेवटून दुसऱ्या ओळीत. अहो, ओळ कितवी यावरून महत्त्व ठरतं का? पानात मीठसुद्धा कोपऱ्यातच वाढतात. (सगळ्यात आधी वाढतात, असं आत्ता मागून वाचणाऱ्या बायकोने सांगितलं. असो.)

खरं सांगायचं तर अपडेट अर्धवट राहायला वीज जाण्याइतकंच दुसरं कारण माझ्या पाहण्यात आहे, आणि ते तुमच्या यादीत नाही. मोबाइलचा जुना चार्जर. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. व्हीसीजेनकमांड या पायवरच्या कमांडला ‘गेट-थ्रॉटल्ड’ विचारा, ती विजेचा हाल सांगते. उत्तर ०एक्स० आलं तर पुढे जा. ०एक्स५०००५ आलं तर या क्षणी व्होल्टेज कमी पडतंय आणि प्रोसेसर हळू केला गेलाय, तेव्हा आधी चार्जर बदला, मग फर्मवेअरच्या गप्पा. हे लेखात आहे, सातव्या परिच्छेदात. तिथपर्यंत तुम्ही पोचला असतात तर कदाचित सूर वेगळा लागला असता. टीकेला माझी ना नाही. दुकानात वडील डागावर डाग बघून माझी हजेरी घ्यायचे, पण चूक दाखवताना हातातली चिप माझ्यासमोर धरायचे. ‘पोरांनी यात पडू नये’ असं एकदाही म्हणाले नाहीत.

लेखात काही फेरफार केलेत, नव्याने येणाऱ्यांसाठी इथे नोंदवतो. पहिली ओळ आता ‘कार्डाची प्रत काढा आणि ती दुसऱ्या कार्डावर एकदा चालवून बघा’ अशी आहे. त्यानंतर एपीटी अपडेट, मग फुल-अपग्रेड, मग रीबूट. पाय ४ किंवा ५ असेल तर आरपीआय-इइप्रॉम-अपडेट चालवून फक्त बघायचं. नवी आवृत्ती दिसली तरच जोडीला ‘-ए’ द्यायचं. चिपमध्ये ती रीबूटच्या वेळी लिहिली जाते, तेवढा वेळ वायर काढायची नाही. आरपीआय-अपडेट तळाशी गेलंय, लाल अक्षरांत. बुकवर्मचा भाग काढून टाकलाय, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

हे बदल मी तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीच करणार होतो.