खुलासा : ‘सेडी हॉकिन्स डे’ ही जुनी प्रथा नव्हे

‘लिल ॲबनर’ (1959) या संगीतपटातला मुलींनी मुलांमागे पळायचा प्रसंग दाखवून ‘ही अमेरिकेतल्या डोंगराळ भागातली शेकडो वर्षांची लग्नप्रथा’ असं सांगणारा मजकूर सध्या फिरतोय. तसं काही नाही. ‘सेडी हॉकिन्स डे’ नावाची ही शर्यत अमेरिकी व्यंगचित्रकार अल कॅप यांच्या डोक्यातून निघाली.

त्यांची ‘लिल ॲबनर’ ही चित्रपट्टी वर्तमानपत्रांत 1934 साली सुरू झाली आणि ही शर्यत तिच्यात आली नोव्हेंबर 1937 मध्ये. गोष्ट अशी : डॉगपॅच गावच्या हॉकिन्सची मुलगी सेडी पस्तिशीची झाली, तरी स्थळ येईना. बाप वैतागला, गावातले सगळे अविवाहित पुरुष त्याने गोळा केले. बंदुकीच्या पहिल्या बाराला त्यांनी पळायचं, दुसऱ्या बाराला सेडीने. सापडेल तो नवरा!

वाचकांना हे इतकं आवडलं की दोनच वर्षांत दोनशेच्या वर कॉलेजांत हा दिवस साजरा होऊ लागला. म्हणजे प्रथा खरीच पडली, पण चित्रपट्टीनंतर. लीप वर्षात मुलीने मागणी घालायची, हा संकेत मात्र खरंच जुना. घोळ बहुधा तिथेच झाला असावा.

आणि हो, सिनेमा थेट चित्रपट्टीवरून नाही, 1956 च्या ब्रॉडवे नाटकावरून आला.