गंभीर त्रुटी : १,४१२

घरातील संगणक मंद झाला की त्याची कारणे सांगण्याचा उत्साह संगणकाशी ज्यांचा सर्वांत कमी संबंध असतो त्यांनाच सर्वांत अधिक असतो. लग्नाचे सगळे फोटो मी त्यात कोंबल्यामुळे यंत्राला धाप लागते, असे पत्नीचे निदान होते. मुलीच्या मते ते यंत्र संग्रहालयात देण्याच्या योग्यतेचे होते. लेखा विभागातून निवृत्त झालेल्या वडिलांचे म्हणणे असे, की आपण ते बंद करताना घाई करतो म्हणून ते सुरू होताना त्याची भरपाई करून घेते. या चर्चेला वेळही भरपूर मिळे. २०१४ साली घेतलेल्या आणि पुढे विंडोज १० चढवलेल्या त्या यंत्राचे बटण दाबल्यापासून पडद्यावर काही उपयोगाचे दिसेपर्यंत दूध तापून निवतही असे.

मला सोसायटीच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त लिहायचे होते, आणि सभेत भांडणे जितक्या वेगाने झाली त्याच्या शतांश वेगानेही ती टंकलिखित होत नव्हती. तेव्हा ‘संगणक पाच मिनिटांत नव्यासारखा वेगवान’ असे आश्वासन देणारे एक दुरुस्तीचे सॉफ्टवेअर मी उतरवून घेतले. त्याने सुरू होताच एक हिरवे वर्तुळ फिरवले, काटा थरथरवत लाल पट्ट्यात नेला आणि जाहीर केले की संगणकात १,४१२ त्रुटी असून त्यांतील बहुतेक गंभीर आहेत. सगळी तपासणी अवघ्या चाळीस सेकंदांत पूर्ण झाली होती. जी डिस्क चार पानांचे इतिवृत्त उघडायला दोन मिनिटे घेते, तिच्यातील लाखभर फाइली या गृहस्थांनी चाळीस सेकंदांत कशा पाहिल्या, ही शंका मला आली. परंतु लाल रंगापुढे शंकेचे फारसे चालत नाही.

त्रुटींची यादी मात्र मी सवडीने वाचली. निम्म्याअधिक नोंदी कुकीज होत्या, म्हणजे पुढच्या वेळी आपली ओळख पटावी म्हणून संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेली किरकोळ चिठोरी. त्यांना येथे ‘गोपनीयतेला धोका’ अशी पदवी मिळाली होती. उरलेल्या बहुतेक त्रुटी रजिस्ट्रीतील होत्या. विंडोज ९५ पासून संगणकातील जवळजवळ सगळ्या रचनेची नोंद या रजिस्ट्रीत होते, आणि आम्ही भंगारवाल्याला कधीच देऊन टाकलेल्या प्रिंटरचे नाव तेथे अजून शिल्लक होते. अशा मृत नोंदी काही किलोबाइटांच्या असतात. टेलिफोन डिरेक्टरीतून गाव सोडून गेलेल्या चारदोन जणांची नावे खोडली म्हणून ती उचलायला हलकी होत नाही, तसेच हे आहे. मायक्रोसॉफ्टने एके काळी स्वतःच ‘रेगक्लीन’ नावाचे असे साधन दिले होते. पुढे ते मागे घेतले, आणि आता रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही असे ती कंपनीच सांगते. हे ज्ञान मी घरात मांडले, परंतु तोवर वडिलांनी पडद्यावरचा आकडा वाचला होता. हिशेबात एका पैशाचा फरक राहिला तर रात्री जेवायला न बसलेला तो माणूस; १,४१२ त्रुटी घरात तशाच ठेवून झोपणे त्यांना शक्य नव्हते.

निदान फुकट होते, उपचाराला पैसे होते. वर्षाची वर्गणी ८० टक्के सवलतीत १,६९९ रुपये, आणि ती सवलत संपायला दहा मिनिटे उरली आहेत असे दाखवणारे एक घड्याळ उलटे धावत होते. खिडकी बंद करून पुन्हा उघडली की घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर येई. हे मी वडिलांच्या निदर्शनास आणून दिले. ‘‘मग तर चांगलेच आहे, घाई नको,’’ असे म्हणून त्यांनी शांतपणे पैसे भरले.

दुरुस्तीनंतर ‘अभिनंदन! आपला संगणक ६३ टक्क्यांनी वेगवान झाला आहे’ असा संदेश आला. कशाचे ६३ टक्के, याचा खुलासा नव्हता. हा संदेश बंद व्हायलाच अर्धे मिनिट लागले. मग स्वयंपाकघरातून हाक आली, ‘‘अहो, माझे मेल कोणी बंद केले?’’ गोपनीयतेला असलेल्या धोक्यांबरोबर घरातील प्रत्येकाचे लॉगिनही निघून गेले होते, आणि त्या संध्याकाळी आम्ही चौघेही एकमेकांना ओटीपी ओरडून सांगत होतो. ब्राउझरने साठवून ठेवलेली चित्रेही पुसली गेल्यामुळे, जी संकेतस्थळे आतापर्यंत निदान रखडत उघडत होती, ती आता सगळे नव्याने मागवू लागली.

यावर उपाय म्हणून मी फुकटातली आणखी काही सॉफ्टवेअरे बसवली. त्यांतले एक ‘रॅम’ म्हणजे चालू कामाची मेमरी ‘मोकळी’ करणारे होते. बटण दाबताच चार जीबीपैकी जवळजवळ निम्मी मेमरी मोकळी झाल्याचा आलेख ते दाखवी, आणि पुढची क्लिक केली की यंत्र तपस्येला बसे. कारण मेमरीतले काम त्याने केवळ डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकललेले असे, आणि लागले की ते सगळे त्याच मंद डिस्कवरून परत आणावे लागे. वास्तविक विंडोज रिकामी मेमरी फाइली हाताशी ठेवण्यासाठी स्वतःच वापरत असते. ती मोकळी ठेवून कोणाचेच भले होत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरने आधीच्या सशुल्क सॉफ्टवेअरला ‘अनावश्यक प्रोग्राम’ ठरवले. सशुल्क सॉफ्टवेअरने त्याला ‘संशयास्पद’ म्हटले. दोघांचेही म्हणणे खरे होते.

हा व्यवसाय आपल्याकडेच चालतो असे मात्र नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो या कार्यालयीन साहित्य विकणाऱ्या कंपनीच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या संगणकाची ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. सुरुवातीला चार प्रश्न असत, जसे की संगणक मंद झाला आहे का, वारंवार बंद पडतो का. आणि त्यांपैकी एकाही प्रश्नापुढे खूण झाली की तपासणीत काहीही आढळो अथवा न आढळो, घातक सॉफ्टवेअरची लक्षणे असल्याचा निकाल ठरलेला असे, आणि त्यावर दुरुस्ती विकली जाई. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तेथील सरकारी संस्थेच्या कारवाईनंतर मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि ते सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. म्हणजे आपणच सांगितलेली तक्रार यंत्राकडून विकत ऐकायची! आमच्याकडे निदान प्रश्न तरी विचारले नव्हते.

अखेर सुटीत भाचा आला. त्याने कोणतेही वर्तुळ फिरवले नाही; कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून, यंत्राचा कोणता भाग किती राबतो आहे हे दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. ‘‘मामा, प्रोसेसर निवांत बसलाय. डिस्क बघा, शंभर टक्के.’’ मग त्याने स्टार्टअपची यादी उघडली. संगणक सुरू होताना सर्वाधिक वेळ खाणाऱ्यांत पहिले तिन्ही मान संगणक वेगवान करणाऱ्या सॉफ्टवेअरांनीच पटकावले होते. आमची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबायचे, म्हणून विखुरलेल्या फाइली ती सेकंदाला शंभरसुद्धा वाचू शकत नाही. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तेच वाचन हजारोंच्या घरात जाते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून एसएसडी आणली, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत रात्रभरात तिच्यावर उतरवली, आणि सकाळी संगणक वीस सेकंदांत सुरू झाला.

प्रत काढण्यापूर्वी भाच्याने ती वेगवर्धक मंडळी एकेक करून काढून टाकली होती. सशुल्क सॉफ्टवेअरवर हात ठेवताच मात्र वडिलांनी त्याला अडवले. ‘‘आजोबा, याचा काही उपयोग नाही,’’ तो म्हणाला. ‘‘उपयोगाचा प्रश्न नाही. वर्षाचे पैसे भरलेत. मुदत संपल्याशिवाय काढायचे नाही,’’ असा निकाल मिळाला.

त्यामुळे नव्या डिस्कचा पहिला लाभ त्या सॉफ्टवेअरलाच झाला. पूर्वी त्याची ‘आपला संगणक अतिशय मंद आहे’ ही सूचना दिसायला सात-आठ मिनिटे लागत. आता ती खुर्ची ओढून बसण्यापूर्वीच हजर असते, आणि जिच्यात फिरणारा भाग नाही त्या एसएसडीला डिफ्रॅगमेंट करण्याची, म्हणजे फिरत्या डिस्कसाठी असते तशी विखुरलेल्या फाइलींची आवराआवर करण्याची, शिफारसही बरोबर घेऊन येते. ती शिफारस वडील भाच्याच्या शब्दाखातर नाकारतात. ‘दुरुस्त करा’ मात्र रोज सकाळी दाबतात आणि निघालेल्या त्रुटींचा आकडा वहीत लिहितात. कुकीज रोज नव्या येत असल्याने त्रुटींना तोटा नाही. पहिल्या दिवशी एक त्रुटी त्यांना एक रुपया वीस पैशांना पडली होती. आता दर पस्तीस पैशांवर आला आहे, आणि मुदत संपेपर्यंत तो दहा पैशांच्या खाली आणायचा म्हणून त्यांनी मला जास्त संकेतस्थळे पाहण्यास सांगितले आहे.