दहा टक्के वेगाचं महायुद्ध

तीन-चार हजार माणसं लढायला एका जागी जमली की काय होतं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, काही होत नाही. बराच वेळ काहीही होत नाही. मग आपण मरतो.

मी ‘ईव्ह ऑनलाइन’बद्दल बोलतेय. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीनं २००३ साली काढलेला हा अंतराळातला खेळ. सात हजारांहून जास्त सूर्यमाला, आणि चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरातले खेळाडू एकाच विश्वात. दुसऱ्या खेळांत गर्दी झाली की त्याच गावाची आणखी एक प्रत काढतात आणि निम्मी माणसं तिकडे पाठवतात. इथे तसं नाही. इथे जी गर्दी होते ती एकमेकांच्या अंगावरच होते.

मला यात माझ्या बहिणीच्या मुलानं ओढलं. “मावशी, तुझ्यासाठीच केलाय हा खेळ. सगळे याला अंतराळातली स्प्रेडशीट म्हणतात.” मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे हे कौतुक होतं की टोमणा ते लक्षात आलं नाही, पण निघालं खरं. जिता नावाची एक सूर्यमाला आहे, तिथे या विश्वातला सगळ्यात मोठा बाजार भरतो. इथून खनिज उचल, तिथे वीक, मधली दलाली वजा कर, वाहतूक वजा कर, उरलं ते आपलं. २०२३ मध्ये तर कंपनीनं खेळ थेट एक्सेलला जोडायची सोय करून दिली. त्या दिवशी आमच्या घरात फक्त मलाच आनंद झाला. दोन पैसे गाठीला होते, कोणाच्या अध्यात नव्हते, मध्यात नव्हते.

पण आमचा छोटा गट एका मोठ्या आघाडीत सामील झाला. आघाडी म्हटली की जागावाटप आलं, रुसवेफुगवे आले आणि शेवटी युद्ध आलं. “यायला लागतं मावशी, नाहीतर यादीतून नाव काढतात,” भाचा म्हणाला. तेव्हा मी लढाऊ जहाज विकत घेतलं. कोणतंही नाही हं. आघाडीनं ठरवून दिलेलंच, त्यावर ठरवून दिलेल्याच तोफा, त्यात ठरवून दिलेलाच दारूगोळा. मी एक पंप जास्त चांगला आणि स्वस्तातला बसवला होता, तो काढायला लावला. सगळ्यांचं सारखं पाहिजे. सैन्य म्हणजे शेवटी गणवेश.

आता या युद्धाला मुहूर्त असतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शत्रूच्या तळावर एकदा हल्ला केला की तो तळ कवच ओढून बसतो, आणि पुन्हा कधी उघडायचं ती वेळ आधीपासून ठरलेली असते. ठरवलेली कोणी? ज्याला मारायचं त्यानं! अर्थात तो स्वतःच्या सोयीची वेळ ठरवतो. या विश्वाचं घड्याळ ग्रिनिचचं. युरोपवाल्यांची जेवणानंतरची निवांत वेळ म्हणजे आमची मध्यरात्र, आणि अमेरिकेतल्या मंडळींची निवांत रात्र म्हणजे आमची दूध तापवायची आणि डबे भरायची वेळ. भारतीय माणसाची निवांत वेळ कोणाच्याच खिजगणतीत नाही. अख्ख्या दिवसात आमच्या सोयीची एकच गोष्ट घडते : दुपारी बरोबर साडेचारला सगळं विश्व देखभालीसाठी काही मिनिटं बंद पडतं. तेवढ्यात माझा चहा होतो.

मुहूर्तावर भागत नाही. फार मोठी लढाई होणार असेल तर कंपनीला आधी कळवायचा फॉर्म आहे. कुठल्या सूर्यमालेत, किती वाजता, अंदाजे किती माणसं. गणपतीच्या मांडवाला परवानगी काढावी तसा. मग ते ती सूर्यमाला उचलून जरा दणकट यंत्रावर ठेवतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भाचा मला बनवतोय. पण नाही. आम्हीही फॉर्म भरला होता आणि ज्यांचा आम्ही खात्मा करणार होतो त्यांनीही भरला होता. दोघांनी माणसांचा आकडा कमी सांगितला होता.

तर त्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला हजर राहायचं होतं, लढाई साडेआठची. हे मधले दोन तास कशाला, हा प्रश्न नवखे विचारतात. एका ताफ्यात २५६ माणसं मावतात. असे आमचे बरेच ताफे. प्रत्येकाची हजेरी, प्रत्येकाचं जहाज तपासणं, कोणाचा माईक चालू राहिलाय आणि मागे कुत्रं भुंकतंय ते शोधणं. त्यानंतर सगळ्यांनी एका टायटनभोवती घोळका करून थांबायचं. टायटन म्हणजे या खेळातलं सगळ्यात मोठं जहाज, दहा किलोमीटरहून जास्त लांब. लढाई दूरच्या सूर्यमालेत असली की टायटन एक पूल उघडतं आणि त्यावरून सगळा ताफा क्षणात तिकडे. पूल उघडेपर्यंत मात्र नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे घाणाच लावलेला असतो.

बरं, टायटनवाल्याला घाई करूनही चालत नाही. ‘पूल उघडा’ आणि ‘स्वतः उडी मारा’ ही दोन बटणं जवळजवळ. जानेवारी २०१३ मध्ये असाकाई नावाच्या सूर्यमालेत एका चालकानं चुकून दुसरं दाबलं आणि ताफा मागे राहून हा महाकाय गडी एकटाच शत्रूच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याला वाचवायला त्याचे दोस्त धावले, मारायला शत्रूचे दोस्त धावले, आणि हजारोंची लढाई जुंपली. पण माझ्या मनाला भिडते ती त्याच्या पुढच्या वर्षीची, जानेवारी २०१४ची, बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या सूर्यमालेतली. तिचं कारण माहितीये काय? त्या सूर्यमालेवरच्या ताब्याचं ठरावीक बिल भरायचं राहिलं. बस्स! ताबा सुटला, शत्रू आत घुसला, आणि एकवीस तास लढाई चालली. त्यात साडेसात हजारांवर माणसं येऊन गेली आणि ७५ टायटन भंगारात गेली. आमच्या पतसंस्थेत हप्ता थकवणाऱ्यांना मी हे सांगते. कोणी मनावर घेत नाही.

असो. पूल उघडला, आम्ही पोचलो. पोचलो म्हणजे काळ्या पडद्यासमोर बसलो. बऱ्याच वेळानं एकेक जहाज उमटायला लागलं आणि कोपऱ्यात दिसलं : वेग दहा टक्के.

हा या खेळाचा खास चमत्कार, याला टायडाय म्हणतात. एका सूर्यमालेचं सगळं गणित एकाच यंत्राच्या डोक्यावर असतं, वाटून देता येत नाही. हजारो जहाजं, प्रत्येकाच्या तोफा, प्रत्येक गोळा कोणाला किती लागला याचा हिशेब. पूर्वी अशा वेळी यंत्राची मती गुंग व्हायची आणि तुम्ही दिलेले हुकूम हवेत विरून जायचे. मग या लोकांनी उपाय काढला की यंत्राला वेग झेपत नाही ना, तर काळच हळू करू. फक्त त्या सूर्यमालेपुरता. जास्तीत जास्त हळू म्हणजे दहा टक्के : खेळातला एक सेकंद, भिंतीवरच्या घड्याळातले दहा. हिशेबनीस म्हणून मला हे पटतं. मार्चअखेरीला काळ असा हळू करता आला असता तर किती बरं झालं असतं. पण लढणारी म्हणून सांगते, छळ आहे.

माझ्या तोफा एरवी पंधरा-वीस सेकंदांत पुन्हा भरतात. आता तीन मिनिटं. शेजारी सोफ्यावर सासूबाई रविवारच्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. कोमट पाण्यातून दाणा उचलायचा, शेंड्याशी चिमटीत हलका दाबायचा, साल हातात राहते आणि डाळिंबी टपकन वाडग्यात पडते. मोड तुटता कामा नये, त्यांचा कटाक्ष असतो. मी एक बार काढायची आणि दुसरा निघेपर्यंत त्यांच्या मूठभर डाळिंब्या व्हायच्या. त्यांनी चष्म्यावरून एकदा पडद्याकडे पाहिलं.

“अडकलंय का गं?”

“नाही आई, लढाई चालू आहे.”

“कुठे?”

हा प्रश्न रास्त होता, कारण माझ्या पडद्यावर लढाई दिसतच नव्हती. इतकी जहाजं दाखवायची म्हटली तर कॉम्प्युटर आचके देतो. म्हणून जुनेजाणते सांगतात, आवाज बंद करा, नावं बंद करा, कॅमेरा लांबात लांब न्या आणि शक्यतो रिकाम्या आकाशाकडे वळवा. म्हणजे एवढं अतिभव्य युद्ध, ज्याची चित्रं पाहून लोक हा खेळ घेतात, त्यात तगून राहायचं तर त्याच्याकडे पाठ करून बसावं लागतं. मला दिसत होतं ते थोडं काळं, थोडं जांभळं, आणि उजवीकडे नावांची एक लांबलचक यादी. पतसंस्थेतही मला हेच दिसतं. फक्त जांभळं नसतं.

“कोण जिंकतंय?” सासूबाई.

“माहीत नाही.”

“आपण कोणाच्या बाजूनं?”

मी सांगायला सुरुवात केली की आपण ज्यांच्या बाजूनं आहोत ते गेल्या वर्षी आपले शत्रू होते, त्यांच्यातले अर्धे फुटून समोर गेलेत, आणि समोरचे अर्धे इकडे आलेत पण झेंडा जुनाच म्हणतायत.

“मग मी बातम्याच बघते ना,” त्या म्हणाल्या.

आमचा सेनापती जर्मन वळणाच्या इंग्रजीत नावं पुकारत होता. तो ज्याचं नाव घेईल त्याच्यावर सगळ्यांनी नेम धरायचा, एफ-वन दाबायचं. डोकं चालवायचं नाही, डोकं एकालाच दिलेलं असतं. नाव पुकारलं की यादीत ते शोधायचं, त्यावर नेम लागायला दीड-दोन मिनिटं. तोवर तो मेलेला असे. मग पुढचं नाव, पुन्हा नेम, तोही मेलेला. एकदा नेम लागला, मी बटण दाबलं, आणि ते लुकलुकत राहिलं. म्हणजे हुकूम गेलाय, पण पोचलाय की नाही ते यंत्राला सवड झाली की कळवेल. लुकलुकणाऱ्या बटणाकडे बघत मी कांदा चिरून आले. कांदा झाला तरी ते लुकलुकतच होतं.

शिवाय काळ हळू झालाय तो त्या एका सूर्यमालेत. बाहेरचं विश्व आपल्या नेहमीच्या वेगानं पळतंय. त्यामुळे आपण इथे दोन गोळे झाडेपर्यंत विश्वाच्या पार दुसऱ्या टोकाचे दहा-पंधरा उड्या मारून, वाटेत इंधन घेऊन, आरामात मदतीला पोचतात. ते आले की गर्दी आणखी वाढते, म्हणून लढाई संपत नाही, म्हणून बाकीच्यांनाही यायला वेळ मिळतो. २०२० मध्ये एका लढाईत एकाच वेळी ६५५७ माणसं होती आणि गिनेस बुकात नोंद झाली. नोंद करणाऱ्यांनी त्यातल्या किती जणांचं बटण लुकलुकत होतं तेही विचारायला हवं होतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर सेनापतीच्या तोंडून नाही, पण समोरच्या सेनापतीच्या तोंडून माझं नाव निघालं असावं. पडद्याच्या कडेला एकेक करत लाल चौकटी उमटायला लागल्या. माझ्यावर शेकडो जण नेम धरत होते! इतक्या लोकांनी एका वेळी माझी दखल माझ्या लग्नातही घेतली नव्हती. नियम असा की लगेच बटण दाबून दुरुस्तीच्या जहाजांना हाक मारायची. मी मारली. हाक लुकलुकायला लागली. दहा टक्के वेगात मरण येतं ते मात्र सावकाश येतं असं नाही. आधी बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम सगळ्यांचे गोळे एकाच ठोक्याला जमा. जहाज गेलं, त्यातून मला घेऊन निसटलेली कुपी गेली, आणि मी आमच्या घरच्या स्थानकावर नव्या शरीरात जागी झाले. तिथे काळ शंभर टक्के. इतक्या तासांनंतर पहिल्यांदाच पडदा लोण्यासारखा सरकत होता.

मेल्यावर खरं काम सुरू होतं. नुकसानभरपाईचा अर्ज. कुठलं जहाज, कुठल्या ताफ्यात, मृत्यूच्या नोंदीची लिंक जोडा. सगळ्या युद्धात हाच भाग माझ्या आवडीचा, आणि तो मी पहाटे दीडला एकटाकी भरला. दुसऱ्या दिवशी परत आला. जहाजावर पंप अमान्य प्रकारचा आढळला. मी मान्य पंपाची पावती जोडून पुन्हा पाठवला. त्याबरोबर एका शत्रूच्या जहाजाच्या मृत्यूची नोंदही आली, त्यात मारेकऱ्यांची चारेकशे नावं आणि शेवटून दुसरं माझं. केलेलं नुकसान : शून्य.

निकालाचं म्हणाल तर रविवारी दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. त्यांचा तळ वाचला, म्हणून ते जिंकले. त्यांची जास्त किमतीची जहाजं गेली, म्हणून आर्थिकदृष्ट्या आम्ही जिंकलो. आमच्या बाजूचा ताळेबंद मी पाहिला. त्यात आमची बुडालेली जहाजं खरेदीच्या भावानं धरली होती आणि त्यांची बाजारभावानं. मी हे भाच्याला दाखवलं. “मावशी, प्लीज, हे ग्रुपवर टाकू नकोस,” तो म्हणाला.

त्याचाच संध्याकाळी मेसेज : पुढचा मुहूर्त बुधवार, आपल्या सकाळी पावणेसातला, येशील ना? मी कळवलं, बुधवारी पावणेसातला आमच्याकडे पाणी येतं. मग जरा विचार केला आणि विचारलं, टायडाय नक्की लागणार आहे का? लागणार असेल तर एक बार काढून मी पिंप भरून येते.