‘कोड चालवून पाहिलेला दिसत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

विंडोजवरील प्रोग्राममधून वेबपान डीफॉल्ट ब्राउझरमध्ये कसे उघडावे, या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: ‘प्रोसेस.स्टार्ट’ला (दुसरा प्रोग्राम सुरू करणारी डॉटनेटची आज्ञा) नुसता पत्ता देणारी माझी ओळ डॉटनेट कोअरमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची नवी मालिका) चालत नाही, पत्ता न तपासताच शेलच्या, म्हणजे काय कशात उघडायचे हे ठरवणाऱ्या विंडोजच्या भागाच्या, हवाली केला आहे आणि लिनक्सचा उल्लेख नाही. या तिन्हींच्या आधी मात्र आपण ‘लेखकाने कोड एकदाही चालवून पाहिलेला दिसत नाही’ असे एक वाक्य टाकले आहे. त्या वाक्यामुळेच हे उत्तर लिहायला बसलो.

कोड मी डॉटनेटच्या जुन्या मालिकेवर, म्हणजे डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर, चालवून पाहिला होता आणि तिथे तो आजही चालतो. फ्रेमवर्कमध्ये ‘यूजशेलएक्झिक्यूट’ (काम शेलकडे सोपवायचे की नाही, हे सांगणारे सेटिंग) मुळातच ‘ट्रू’, म्हणजे ‘होय’, असते, त्यामुळे पत्ता विंडोजच्या शेलकडे जातो आणि वापरणाऱ्याने निवडलेला ब्राउझर उघडतो. कोअरमध्ये ते मुळात ‘फॉल्स’ असल्याने पत्त्यालाच प्रोग्रामच्या फाइलचे नाव समजले जाते आणि ‘फाइल सापडली नाही’ असा एरर येतो. ही सेटिंग्ज जिथे देतात त्या ‘प्रोसेसस्टार्टइन्फो’मध्ये ते ‘ट्रू’ केले की काम होते. लेखात आवृत्ती लिहायला हवी होती, हे मान्य, आणि ती आता लिहिली आहे. पण आवृत्ती लिहायची राहून जाणे आणि न चालवलेला कोड छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कळत नसेल असे मला वाटत नाही.

अनुभवच काढायचा असेल तर २००५ साली मी व्हीबी सिक्समध्ये (व्हिज्युअल बेसिक ६) बिलिंगचा प्रोग्राम लिहिला होता आणि ‘मदत’ या बटणामागे इंटरनेट एक्सप्लोररचा पूर्ण पाथ घातला होता. एका दुकानदाराने फायरफॉक्स बसवून तो डीफॉल्ट केला, तरी बटण दाबले की एक्सप्लोररच उघडे. ‘संगणक माझा आहे की तुमचा?’ असे त्यांनी फोनवर विचारले, आणि त्याच रात्री मी पाथ काढून शेलएक्झिक्यूट (पत्ता शेलकडे देणारे विंडोजचे फंक्शन) घातले. त्या फंक्शनने परत दिलेला आकडा ३२ पेक्षा मोठा असेल तरच काम झाले असे समजायचे, ही जुन्या, सोळा बिटांच्या विंडोजच्या काळातली खूण मी तेव्हापासून तपासत आलो आहे. अशा माणसाला ‘चालवून पाहा’ असे सांगण्याआधी थोडा विचार व्हायला हवा होता.

आणि आपण सुचवलेला उपाय, म्हणजे सीएमडीमार्फत (आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी खिडकी) ‘स्टार्ट’ ही आज्ञा देणे, आपण तरी चालवून पाहिला आहे का? पत्त्यात अँपरसँड (&) आला की सीएमडी तिथेच आज्ञा तोडते. अर्धवट पत्त्याचे पान उघडते आणि उरलेला तुकडा नवी आज्ञा समजला जातो. बरे, पत्ता अवतरणचिन्हांत घालावा, तर अवतरणातला पहिला मजकूर ‘स्टार्ट’ खिडकीचे शीर्षक म्हणून घेते आणि ब्राउझरऐवजी काळी खिडकी समोर येते. रिकामे शीर्षक आधी द्यावे लागते, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

पत्ता तपासण्याचे म्हणाल, तर माझ्या उदाहरणात तो कोडमध्येच लिहिलेला आहे. बाहेरून येत असेल, तर तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसचाच आहे ना हे आधी पाहावे, नाहीतर शेल ब्राउझरऐवजी एखादा प्रोग्रामही चालवील. एवढे कोणालाही ठाऊक असते, म्हणून लिहिले नाही. लिनक्सवर याच कामासाठी एक्सडीजी-ओपन ही आज्ञा आहे, मॅकवर ओपन आहे. लेखाच्या शीर्षकातला पहिलाच शब्द ‘विंडोजवर’ असा आहे.