वाक्यात उपयोग करा

‘लायन्स शेअर’ म्हणजे काय, असं मुलीने विचारलं तेव्हा घरात आवराआवर चालू होती आणि मी बसलो होतो.

“सोपं आहे,” मी म्हणालो. “सिंहाचा वाटा. आवराआवरीत बाबांचा सिंहाचा वाटा होता. हेच इंग्रजीत लिही.”

स्टुलावर उभी राहून माळा उपसणाऱ्या बायकोने वरून एकदा पाहिलं. बोलली काही नाही. थोडी धूळ तेवढी माझ्या डोक्यावर आली.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. मुलीने लिहिलं होतं, ‘फादर टुक द लायन्स शेअर.’ खाली बाईंचा लाल शाईतला प्रश्न: ‘कशाचा?’

“सोफ्याचा,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

आता अब्रूचा प्रश्न होता. मी शोधायला बसलो आणि जे सापडलं ते मला फारसं उपयोगी पडणारं नव्हतं. इसापाच्या गोष्टीतला सिंह काही देत नाही; तो घेतो. फीड्रस नावाच्या रोमन कवीने सांगितलेल्या गोष्टीत तर गाय, शेळी आणि मेंढी हे त्याचे भागीदार (गाय शिकारीला का गेली, हे विचारायचं नाही). शिकारीचे चार वाटे होतात आणि सिंह एकेक कारण सांगत चारही उचलतो. म्हणजे मुळात सिंहाचा वाटा ‘मोठा’ नसून ‘सगळा’ होता. रोमन कायदेपंडितांनी तर ज्या भागीदारीत नफा एकाचा आणि तोटा फक्त दुसऱ्याचा, तिला ‘सिंही भागीदारी’ असं नाव देऊन ती रद्दच ठरवली होती. इंग्रजीत पुढे ‘सगळा’चा ‘बराचसा’ झाला. १७९० साली ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना हा शब्दप्रयोग वापरतो तो घेण्याच्याच अर्थाने.

मराठीत आल्यावर मात्र या सिंहाला काय झालं कोण जाणे. अर्थसंकल्पातला सिंहाचा वाटा एखादं खातं अजूनही पळवतं, नाही असं नाही. पण एरवी आपला सिंह शिकार सोडून समाजकार्याला लागलेला दिसतो. संस्थेच्या उभारणीत, इमारत निधीत, स्मरणिकेच्या छपाईत त्याचा वाटा असतोच. निरोपसमारंभ आणि शोकसभा तर त्याच्याशिवाय पार पडत नाहीत. त्यात शेजारी सेतू बांधणारी खार आहेच. स्वतःबद्दल बोलताना खारीचा वाटा आणि दुसऱ्याबद्दल बोलताना सिंहाचा, असा आपला शिष्टाचार. माझी चूक एवढीच की मी स्वतःबद्दल सिंह वापरला. तोही इंग्रजी वहीत, जिथे तो अजून मांसाहारी आहे.

“आणि खऱ्या सिंहांचं काय असतं?” मुलीने विचारलं. हा प्रश्न टाळता आला असता तर बरं झालं असतं. कळपातली बरीचशी शिकार सिंहिणी करतात आणि ती पडली की आयाळवाले गृहस्थ येऊन आधी जेवायला बसतात.

“मग वाक्य बरोबरच होतं की,” बायको म्हणाली.

विषय बदलावा म्हणून मी मुलीला इसापाची दुसरी गोष्ट सांगितली. सिंह, गाढव आणि कोल्हा मिळून शिकार करतात. सिंह गाढवाला वाटे करायला सांगतो. गाढव तीन समान वाटे करतं. सिंह गाढवाला खातो. मग कोल्ह्याची पाळी. कोल्हा सगळा ढीग सिंहापुढे सारतो आणि स्वतःला एक तुकडा ठेवतो. सिंह खूश होऊन विचारतो, इतकी छान वाटणी तुला शिकवली कोणी?

“कोणी?” मुलगी म्हणाली.

“गाढवाच्या नशिबाने.”

बायको हे सगळं ऐकत होती. तिने माळ्यावरची उरलेली कामं एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवली. एकूण चौदा.

“करा वाटे,” ती म्हणाली.

मी पेन उचललं. सात-सात असं लिहिणारच होतो, तेवढ्यात मुलीने टेबलाखालून पाय मारला. मग तेरा माझ्या नावावर घेतली आणि ‘जुने फोटो बघणे’ एवढं एक बायकोसाठी ठेवलं.

“इतकी छान वाटणी शिकवली कोणी तुम्हाला?”

मी स्टूल ओढलं.